नाव हाकणारं क्रियापद

डोलकाठीवर चढलेला खलाशी ओरडतो, "साप! साप दिसले!" आणि अख्ख्या जहाजावर एकच गलका होतो. तुम्ही दचकता. कठडा घट्ट धरून खाली वाकता, तर खरंच पाण्याच्या वरच्या थरात आखूड, पिवळट-सोनेरी साप वळवळत चाललेले. शेजारचा म्हातारा व्यापारी तुमच्या पाठीवर थाप मारतो. कित्येक दिवस जमीन दिसलेली नाही, चहूकडे नुसतं पाणी. पण हे साप किनाऱ्याच्या जवळपासच असतात. काळे आणि प्रचंड असते, तर जहाज कच्छच्या आखाताकडे भरकटलं असं समजायचं. हे लहान आणि पिवळे आहेत, म्हणजे भरुकच्छ, आजचं भडोच, आलं.

तुम्ही सुमारे एकोणीसशे वर्षं मागे आला आहात. जहाज मिसरच्या बंदरातून निघालं आहे, वर पाऊसवारा भरून आला आहे. सापांची ही खूण मी रचलेली नाही. एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने अरबी समुद्राच्या प्रवासाचं 'पेरिप्लस' नावाचं टिपण इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलं, त्यात ती स्पष्ट नोंदवलेली आहे. आजूबाजूच्या खुणा वाचायच्या, त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवायचं आणि मग जहाज त्या बेताने न्यायचं, या कामासाठी इंग्रजी पुढे 'नॅव्हिगेट' हे क्रियापद वापरणार आहे. आज ते तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्याला "तू नॅव्हिगेट कर, मी चालवतो" असं आपण सहज म्हणतो. हे क्रियापद कुठून निघालं आणि त्याचं नाशिकशी काय नातं आहे, ते दाखवायला तुम्हाला इथे आणलं आहे.

नर्मदेचं मुख जवळ येतं आणि जहाजावरची सगळी हुशारी संपते. इथे गाळाचे उथळ पट्टे आहेत, आणि भरती-ओहोटी इतकी जबरदस्त की तळ बघता बघता उघडा पडतो आणि पुन्हा बुडतो. परक्या माणसाने इथे जहाज घालूच नये. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन तुमच्या जहाजाला सामोरे येतात. या होड्यांना 'पेरिप्लस'कार 'त्रप्पग' आणि 'कोटिंब' म्हणतो. कोळी जहाजाला दोर बांधतात, वल्हेकरी जोर लावतात. भरती चढू लागली की जहाज ओढायचं, पाणी ओसरू लागलं की ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकून थांबायचं, पुढच्या भरतीला पुन्हा निघायचं. घाई करणारा इथे बुडतो. तुमच्या डोळ्यांदेखत एक कोळी पाण्याच्या नुसत्या रंगाकडे बघून हात वर करतो आणि सगळी वल्ही एकदम थांबतात.

आता कान द्या. ग्रीक खलाशी आपल्या जहाजाला 'नाउस' म्हणतोय. कोळी आपल्या होडीला प्राकृतात 'नावा' म्हणतोय. दोघं हातभर अंतरावर उभे राहून एकाच शब्दाची दोन रूपं उच्चारतात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

बंदरात दारूचे कुंभ उतरतात, तांबं-कथील उतरतं. तुम्हाला कोणीतरी चांदीचं एक नाणं देतं. ते नीट बघा. एका बाजूला नहपान राजाचा चेहरा, नाक ठळक, केस पट्ट्याने बांधलेले. चेहऱ्याभोवतीची अक्षरं ग्रीक आहेत, पण भाषा ग्रीक नाही. ग्रीक अक्षरांत आपला प्राकृत 'राजा' लिहिला आहे. उलट्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या! अशीच १३,००० हून अधिक नाणी १९०६ साली नाशिकजवळ, गोदावरी आणि दारणेच्या संगमावरच्या जोगलटेंभीला सापडायची आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला असेल. पण तुमच्या हातातल्या नाण्यावर अजून नहपानच आहे.

तुम्हाला गोवर्धनला जायचं आहे. गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गंगापूरजवळ आजही त्याच नावाने असलेलं गाव. त्या काळी या भागाचं मोठं ठाणं ते. बंदरातल्या धर्मशाळेत रात्र काढून तुम्ही किनाऱ्याने दक्षिणेला निघता. वाटेत तापी आडवी येते, मग पार, मग दमणगंगा. पार आणि दमणगंगा या दोन्ही नद्या नाशिक जिल्ह्यातल्याच डोंगरात उगम पावतात आणि घाट उतरून अरबी समुद्राला मिळतात. गोदावरी मात्र त्याच सह्याद्रीच्या रांगेतून निघून थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. नाशिकला पश्चिमेकडून येणाऱ्या माणसाला या पश्चिमवाहिनी नद्या ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पावसाळ्यात त्या काय रूप घेतात, हे पेठ-सुरगाण्याकडच्या लोकांना विचारावं.

दमणगंगेच्या काठाला मांडव आहे, पाणी भरून ठेवलेले रांजण आहेत. पाणी पिऊन तुम्ही नावेत बसता. पलीकडे उतरताना ते चांदीचं नाणं पुढे करता. नावाडी हात जोडतो, घेत नाही. "पुण्याची नाव आहे, दादा. ज्याने सोडली त्याने आमची सोय केली आहे. तुम्ही चला."

ज्याने सोडली तो उषवदात. दिनिकाचा मुलगा, दक्षमित्रेचा नवरा, नहपानाचा जावई. त्याने इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर फुकट नावा चालवल्या आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया बांधल्या. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिक आणि सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा उभारल्या. हे सगळं आपल्याला कळतं कारण त्याने ते दगडात कोरून ठेवलं, आणि तेही नाशिकला. राजांच्या दानांच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. गावं दिली, गाई दिल्या, सोनं दिलं, हे सगळीकडे असतं आणि इथेही आहे. पण अनोळखी वाटसरूला नदीपार न्यायची सोय करणं आणि त्याचा दगडावर उल्लेख करावा इतकं ते मोठं मानणं, यापुढे मला बाकीची दानं फिकी वाटतात.

घाट चढून तुम्ही त्रिरश्मीच्या पायथ्याशी येता. आज आपण या डोंगराला पांडवलेणी म्हणतो. तेव्हा पांडवांचं नाव त्याला चिकटलेलं नाही. वर छिन्नी-हातोड्यांचा आवाज चालू आहे. ओसरीत खांबांचं काम संपत आलं आहे, घंटेच्या आकाराची शीर्षं आणि त्यांवर प्राणी. ओसरीच्या मागच्या भिंतीवर, अगदी छताखाली, एक कारागीर परांचीवर उभा राहून मान वर करून अक्षरं कोरतोय. दगडाची भुकटी त्याच्या पापण्यांवर बसली आहे. अक्षर चुकलं तर खोडायची सोय नाही, म्हणून प्रत्येक घाव मोजून घालतो. ओळ लांबच लांब आहे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भाषा संस्कृतच, पण बोलण्यातल्या प्राकृताने मऊ झालेली. सहा नद्यांची नावं कोरून झाली की तो पुढचा शब्द घेतो: नावापुण्यतर.

त्या शब्दापाशी थोडं थांबा. 'नावा' म्हणजे नाव. 'तर' म्हणजे पार नेणारी होडी, नदी ओलांडायची सोय. कोकणात आजही खाडीपलीकडे जायला "तरीने जा" म्हणतात. एकोणीस शतकांपूर्वी नाशिकच्या कातळात कोरलेला शब्द कोकणातली शाळकरी पोरं अजून वापरतात आणि त्याचं त्यांना काहीच विशेष वाटत नाही. वाटू नये, तीच जिवंत भाषेची खूण आहे. कोळ्यांचा 'नाखवा' हाही त्याच कुळातला. फारसीतला 'नाखुदा' म्हणजे 'नाव' आणि 'खुदा', नावेचा धनी. फारसीतून दर्यावर्दींच्या तोंडी तो आला, आणि नाव पुन्हा नावेलाच येऊन भेटली.

तिकडे रोमन माणूस जहाजाला 'नाविस' म्हणतो. ग्रीक 'नाउस', संस्कृत 'नौ', लॅटिन 'नाविस', जुनी फारसी 'नाव', ही सगळी एकाच पूर्वज-शब्दाची लेकरं. लॅटिनने या 'नाविस'ला 'आगेरे' हे क्रियापद जोडून 'नाविगारे' केलं. 'आगेरे'चा मूळ अर्थ हाकणं, गुरं हाकतात तसं पुढे घालणं. त्यालाही संस्कृतात सख्खं भावंड आहे: अज् धातू, 'अजति', म्हणजे हाकतो. तेव्हा इंग्रजीतलं 'नॅव्हिगेट' उकललं की आत नुसती वाट शोधणं सापडत नाही. सापडतं नाव हाकणं. आणि मराठीची कमाल बघा. आपले दर्यावर्दी लॅटिन न शिकता नेमकं हेच बोलत आले आहेत. मराठ्यांच्या आरमाराचे जुने वृत्तांत वाचले तर गलबत 'हाकारलं' असा शब्द भेटतो. बैल हाकायचे तसं गलबत हाकारायचं. रोमन खलाशाला जे सुचलं, ते आपल्यालाही स्वतंत्रपणे सुचलं.

या 'हाकण्या'चा धागा आणखी एका जागी निघतो. गुरं हाकत न्यायची ती मोकळी जमीन म्हणजे ऋग्वेदातला 'अज्र'. त्याची भावंडं लॅटिन 'आगेर' आणि इंग्रजी 'एकर'. निफाड-दिंडोरीचा बागायतदार आज "चार एकर द्राक्ष आहे" म्हणतो, तेव्हा इंग्रजांनी आणलेल्या त्या मापात एका वैदिक शब्दाचा भाऊ बसलेला असतो. आणि याच डोंगरावरच्या १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात जा. खांबांच्या दोन रांगांमधल्या कमानदार मधल्या दालनाला कलेचे अभ्यासक इंग्रजीत 'नेव्ह' म्हणतात. चर्चच्या मधल्या दालनाचं हे नाव मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'नाविस'वरूनच पडलं आहे. म्हणजे त्रिरश्मीवर एक नाव भिंतीवर कोरलेली आहे आणि दुसरी अभ्यासकांच्या वर्णनात आहे.

आता एक मोठी उडी घ्या. १५७९ साल. पुन्हा समुद्र, पण जहाज पोर्तुगीज. ४ एप्रिलला लिस्बन सोडलं आहे आणि अजून प्रवास संपत नाही. खलाशांच्या हिरड्या सुजल्या आहेत, पायांना सूज आहे. डेकवर तिशीतला, पाद्री होऊ घातलेला एक इंग्रज उभा आहे, प्रत्येक गोष्ट टिपून घेणारा. थॉमस स्टीफन्स. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो, कारण पुढे १६१६ साली हा माणूस मराठीत 'ख्रिस्तपुराण' छापणार आहे. पण या घडीला त्याला मराठीचं एक अक्षर येत नाही. गोव्याला पोचल्यावर तो वडिलांना एक लांबलचक पत्र लिहील. त्यात त्याला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते जहाज नेण्याच्या विद्येचं.

त्याची अडचण समजून घ्या, कारण पुढे ती उपयोगी पडेल. उत्तर-दक्षिण किती आलो हे सूर्याची किंवा ध्रुवाची उंची मोजून कळतं. पण पूर्व-पश्चिम किती आलो हे कशावरून सांगायचं? स्टीफन्स लिहितो की आकाशात त्यासाठी एकही स्थिर बिंदू नाही. सगळं आकाश फिरतंय. मग खलाशी करतात काय, तर आधी गेलेल्या लोकांनी लिहून ठेवलेल्या खुणा बघतात: कुठे कोणते पक्षी, होकायंत्राची सुई कुठे किती कलते, पाण्यात काय तरंगतं. त्याच्या जहाजाची वाट चुकते, ते सोकोत्राच्या बाजूला जातं. आणि मग एके दिवशी हिंदुस्थानच्या बाजूचे पक्षी दिसतात. मग ताडामाडाच्या फांद्या तरंगताना दिसतात. मग पाण्यात साप.

तेच साप! मध्ये दीड हजार वर्षं गेली. रोम बुडालं, सातवाहन गेले, यादव गेले, होकायंत्र आलं. तरी किनारा जवळ आल्याची खूण तीच राहिली. २४ ऑक्टोबरला जहाज गोव्याला लागतं. त्याचं पत्र पुढे हॅक्लुटने इंग्रजांच्या सागरप्रवासांचा जो मोठा संग्रह १५८९ साली छापला, त्यात घेतलं, आणि त्या संग्रहाच्या नावातच 'नॅव्हिगेशन्स' हा शब्द आहे. 'नॅव्हिगेट' हे क्रियापद इंग्रजीत रुळलं तेही याच सुमारास, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, लॅटिनमधून सरळ उचलून. गरजच तशी होती. इंग्लंड तेव्हा नुकतंच लांबच्या समुद्रात पाऊल टाकत होतं.

स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत राहतो. लोकांमध्ये बसून भाषा शिकतो. १५८३ सालच्या एका संध्याकाळी तुम्ही त्याच्या टेबलाशी उभे आहात आणि तो भावाला पत्र लिहितोय. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं तो लिहितो. दोन-चार शब्दांत. पुढच्या मजकुराकडे वळतो. पण तुम्ही मात्र थबकता. भरुकच्छच्या मुखाशी ग्रीक खलाशी आणि आपला कोळी शेजारी शेजारी उभे राहूनही ज्या नात्याला ओळखू शकले नाहीत, ते ओळखणारा माणूस हा आहे. तो 'नाउस'ही शिकला होता, 'नाविस'ही, आणि आता 'नाव'ही. कलकत्त्यात विल्यम जोन्स संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा एकच उगम असावा असं जाहीर व्याख्यानात सांगेल ते २ फेब्रुवारी १७८६ ला, म्हणजे यानंतर दोनशे वर्षांनी. जगाने श्रेय जोन्सला दिलं, कारण स्टीफन्सचं पत्र विसाव्या शतकापर्यंत छापूनच आलं नाही. मराठी वाचकाला तरी ही गोष्ट ठाऊक असायला हवी. ज्या माणसाला हे नातं प्रथम जाणवलं, तो मराठीचा कवी होता.

नाशिकला परत या, अठराव्या शतकात, रामकुंडाजवळ. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेल्या देवळाच्या वेशीवर मोठी घंटा टांगलेली आहे. ही पोर्तुगीज घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण. 'नाविगारे'चं पोर्तुगीज रूप 'नावेगार'. ज्यांचं सगळं वैभव त्या एका क्रियापदावर उभं होतं, त्यांची घंटा इथे गोदेच्या काठी लटकते आहे. आणि तिला काम काय लागलं? पूर सांगण्याचं. पाणी चढत घंटेला टेकलं की ती वाजायची, अशी नाशिककरांची आठवण. आज पलीकडे पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिकमध्ये पुराची उंची कोणी मीटरमध्ये सांगत नाही. "मारुतीच्या गुडघ्याला लागलं", "कमरेला लागलं", "गळ्यापर्यंत आलं". पाणी बघून पुढचं पाऊल ठरवायचं, ही भरुकच्छच्या कोळ्याची विद्या इथे घराघरात आहे.

मधलं शतक भरभर ओलांडू. १८८३ साली मुंबई गॅझेटियरचा नाशिकचा खंड निघतो. त्यातल्या शिलालेखांसाठी पंडित भगवानलाल इंद्रजी लेण्यांत जातात. तुम्ही त्यांच्यामागे उभे राहा. ते छताखालच्या त्या लांब ओळीवर अक्षरामागून अक्षर वाचताहेत. पांडवांचं म्हणून ओळखलं जाणारं लेणं पुन्हा उषवदाताचं होतं, नद्यांची नावं पुन्हा उच्चारली जातात, आणि 'नावापुण्यतर' पुन्हा बोलू लागतो.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. 'नॅव्हिगेशन' हा शब्द संस्कृत 'नवगति'पासून निघाला, असं तुम्ही वाचलं असेल. भाषणांत ऐकलं असेल, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत तर हमखास. ते खरं नाही. इंग्रजीने तो लॅटिनमधून घेतला आणि लॅटिनमध्ये तो 'नाविस' आणि 'आगेरे' यांतून घडला, याचा लेखी माग अखंड उपलब्ध आहे. संस्कृतशी त्याचं नातं आहे, आणि पक्कं आहे, पण ते चुलत भावाचं आहे, मुलाचं नाही. आपली भाषा सगळ्यांची आई ठरावी म्हणून खोटी वंशावळ रचणारे लोक खरी वंशावळ झाकून टाकतात. दमणगंगेवरची फुकट नाव, त्रिरश्मीवरचा तो कारागीर, साष्टीतला मराठी शिकणारा इंग्रज, हे सगळं खरं असताना 'नवगति'ची गरज कोणाला आहे?

विसाव्या शतकात या क्रियापदाने पाणी सोडलं. खरं तर त्याआधीच. १७८३ साली फ्रान्समध्ये माणूस फुग्यातून उडाला आणि इंग्रजीने ताबडतोब 'नॅव्हिगेट' आकाशालाही लावलं. मग विमानं आली, मोटारी आल्या. १९६४ साली नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग विमानांसाठी उभा राहिला. गांधीनगरच्या तळावर लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. तुम्ही ओझरच्या शेतात उभे राहून वर बघा. ढगात शिरलेल्या वैमानिकाला ना साप दिसतात ना ताडाच्या फांद्या. त्याचीही अडचण स्टीफन्सचीच आहे: मी नेमका कुठे आहे?

त्या अडचणीचं उत्तर आपल्या देशाने आकाशात टांगलं आहे. २८ एप्रिल २०१६ ला इस्रोने त्या मालिकेतला सातवा उपग्रह सोडला आणि त्या दिवशी या यंत्रणेचं नाव ठेवलं गेलं 'नाविक'. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून ते बनवलं आहे, आणि मराठी-संस्कृत शब्दही तोच. हे जुळू शकलं याचं कारण दोन्ही शब्दांत मूळची नाव एकच आहे. उपग्रह अचूक वेळ सांगत राहतो. तुमच्या हातातलं यंत्र तो संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की तुमची जागा ठरते. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे वेळेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची चूक. आणि आता स्टीफन्सचं ते वाक्य आठवा, आकाशात स्थिर बिंदू नाही म्हणणारं. 'नाविक'च्या मूळ सात उपग्रहांपैकी तीन भूस्थिर आहेत. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ते पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला आकाशात जागच्या जागी दिसतात. त्याला हवे होते ते बिंदू माणसाने स्वतः नेऊन ठेवले.

तरी जुन्या नाशिकच्या गल्ल्यांत मोबाइलचा निळा ठिपका गोंधळतो. रविवार कारंजाहून रामकुंडाकडे जाताना उंच भिंतींमध्ये उपग्रहाचा संदेश अडखळतो, आणि तुम्ही पानाच्या टपरीवर विचारता. "सरळ खाली उतरा ताई, देऊळ दिसलं की डावीकडे." तेही नॅव्हिगेट करणंच आहे.

पण शेवटचा थांबा असा आहे की तिथे नुसती वाट माहीत असून भागत नाही. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाचा शाही स्नानाचा दिवस. तुम्ही रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवरच्या गर्दीत आहात. वाट कोणाला विचारायची गरज नाही, प्रत्येकाला ठाऊक आहे. समोर उतार आहे, पुढे गर्दी थांबलेली, मागून लोट येतोय. तुमच्या पुढची आजी म्हणते, "बाळा, धक्का देऊ नको रे." तुम्ही देत नाही. धक्का मागून येतो, मागच्याच्याही मागून. त्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ जण दगावले. त्या क्रियापदाचा दुसरा अर्धा भाग, 'आगेरे', हाकणं, तो इथे नव्हता. पाण्याचा रंग बघून हात वर करणारा आणि सगळी वल्ही एकदम थांबवणारा माणूस नव्हता. गर्दीला नकाशा नव्हे, तो माणूस लागतो. पुढे कुठे अडलं आहे हे मागच्याला वेळेत सांगणारा, येण्याची वाट आणि जाण्याची वाट वेगळी ठेवणारा, काठावर पाण्याची आणि विसाव्याची सोय करणारा. उषवदाताने नदीच्या दोन्ही तीरांवर जे बांधलं, त्यात हेच शहाणपण होतं.

२०२७ मध्ये नाशिकला पुन्हा शाही स्नानं आहेत. ज्यांच्या हाती नियोजन आहे, त्यांनी आराखडे करताना तो शिलालेख एकदा वाचावा, हे मी अगदी मनापासून सांगतो आहे. आणि तुम्ही नाशिकला आलात तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा, १० क्रमांकाच्या लेण्यात जा आणि ओसरीच्या मागच्या भिंतीवर छताखालची लांब ओळ पाहा. अक्षरांना हात लावू नका, बरोबरच्या मुलांना त्या सहा नद्यांची नावं वाचून दाखवा. आणि शाळेत त्यांना कोणी 'नवगति' शिकवलं, तर शिक्षकांना भेटून खरी गोष्ट सांगा.